तांबरमचं चालतं घर

अप्पा मिरजेहून माझ्याकडे दक्षिणेत तांबरमला राहायला आले तेव्हा त्यांची एकच तक्रार होती, घर हलतंय. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट रुळांना लागून आहे. समोरून गाडी गेली की माझे वडील बाल्कनीचा कठडा घट्ट धरून डोळे मिटायचे. आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून गेलेलं. हल्ली विसरायलाही लागले होते.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. समजूत काढायच्या ऐवजी शिकवायची मला वाईट खोड आहे. एका रविवारी मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि म्हटलं, समजा, खिडक्या बंद असलेला डबा एकाच वेगानं, धक्का न देता चाललाय. आतल्या माणसाला तो चालतोय की उभा आहे, हे कुठल्याच प्रयोगानं कळणार नाही. पाणी दोन्हीकडे असंच शांत राहील. त्यांना ते आवडलं आणि मला चेव आला. मग प्रकाशाचं सांगितलं. पळत्या गाडीतून दिवा दाखवला तरी उजेडाला गाडीचा वेग मिळत नाही. उभा असो की पळणारा, प्रत्येकाला तो त्याच वेगानं जाताना दिसतो. जन्मभर हातदिवा दाखवलेल्या अप्पांनी पेला उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाले, म्हणजे उजेडाकडूनही कळणार नाही.

मी खूश झाले. वर्गात इतकं नेमकं कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घर हलतंय म्हणणं सोडलं. घर जातंय, असं म्हणू लागले. जेवताना पेल्याकडे बघून समाधानानं मान डोलवायचे. ट्रंकेतून हिरवा झेंडा निघाला. समोरासमोरून जाणाऱ्या गाड्यांचे गार्ड एकमेकांना झेंडा दाखवतात, सगळं ठीक असल्याची ती खूण. अप्पा बाल्कनीतून मालगाड्यांना झेंडा दाखवू लागले, मी हसायची. आणि एका सकाळी माझ्या डोळ्यांदेखत शेवटच्या डब्यातल्या गार्डनं, चेहरा तसाच ठेवून, अप्पांना आपला झेंडा दाखवला. सवयीनंच दाखवला असणार. पण माझ्या अंगावर काटा आला.

"उभ्या घराला कोण दाखवतं?" अप्पा म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात दुपारी मी घरी आले, तर त्यांचा एक पाय कठड्यापलीकडे होता. हातात कपड्यांची पिशवी. गाव आलं, म्हणाले. धावत जाऊन धरावं तर दचकतील, म्हणून मी खोलीतच थांबले. घर जागच्या जागी आहे, हे सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, त्यावरचा त्यांचा विश्वास मीच उडवलाय. मला स्वतःचा भयंकर राग आला.

"अप्पा, गाडी चालू आहे," मी म्हटलं. "थांबल्यावर उतरायचं."

त्यांनी खाली पाहिलं. मग सावकाश पाय आत घेतला. चालत्या गाडीतून उतरायचं नाही, एवढं अजून शाबूत होतं. मी त्यांना खुर्चीत बसवलं, बाल्कनीच्या दाराला कुलूप घातलं आणि शेजारी जमिनीवर बसले. बाहेर एकही गाडी नव्हती. तरी माझ्याखालून फरशी एकसारखी सरकत होती. शिकवलेलं सगळं आठवूनही ते थांबेना.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आपण दोघं बरोबरच उतरू.

"नाही," अप्पा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "माझं आधी येतं. तुझं लांब आहे."