“घरीच ठेवा” म्हणणारे साहेब

रविवारी आम्ही दोघांनी मिळून मुलाची नखं कापली. हे एकट्याचं काम नव्हतं. मी मागून त्याला दोन्ही हातांनी आवळून धरायचो आणि माझी बायको समोर पाटावर बसून एकेक बोट हातात घ्यायची. मुलगा चाळिशीला आलेला, अंगाने माझ्या दीडपट. ती त्याला गोष्ट सांगायची: मार्केट यार्डाच्या गेटात बाबांचा टेम्पो कसा रुतला आणि कांद्याची पोती कशी धपाधप खाली आली. दर वेळी हीच गोष्ट. पोती पडली की तो हसायचा, आणि तो हसेपर्यंत तिने त्याचं एक नख कापलेलं असायचं. सगळी झाल्यावर तिने नखं कागदात गुंडाळून बाहेर टाकली आणि भात लावला. सोमवारी दुपारी ती गेली.

तिच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरलेलं होतं. रेशनकार्डावर ते फुकट होत होतं, म्हणजे तिच्यासाठी सरकारकडे पैसा होता. अडलं होतं ते एवढंच, की ती दवाखान्यात असताना मुलाला ठेवायचं कुठे. मी सत्तरी ओलांडलेला. तो बिथरला की मला एकट्याला आवरत नाही. ती म्हणायची, “याची सोय लावा, मग मला कापा.”

मुलगा जन्मापासून मतिमंद. विशीनंतर त्याच्या डोक्यात आवाज यायला लागले, तेव्हापासून वेडाच्या गोळ्या. आमचं घोडं इथेच अडलं. मतिमंदांच्या एका वसतिगृहाला सरकारी अनुदान आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, याला मानसिक आजार आहे, हा आमच्या अनुदानात बसत नाही. मेंटलच्या दवाखान्यात म्हणाले, हा मुळात मतिमंद, आमचा पैसा बरे होणाऱ्यांसाठी असतो. एकाच आजाराचा असता तर त्याला खाट होती. दोन होते म्हणून एकही नाही. मी विचारलं, मग अशांनी जायचं कुठे? बाईंनी सांगितलं, खास मंजुरी मिळते, पण ती अमुक साहेबांच्या हातात आहे. मुलाला घेऊन त्यांना भेटा.

आमचं चुकलं ते इथे. भेटीच्या आदल्या दिवशी हिने त्याची दाढी करवून घेतली. सकाळी कढत पाण्याने आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, तेल लावून भांग, कपाळाला अंगारा. वर एक गोळी जास्तीची. चारचौघांत आपलं पोर नीटनेटकं दिसलं पाहिजे, हे तिचं आयुष्यभराचं. लग्नाकार्याला नेतानाही ती असंच करायची. साहेबांसमोर तो भिंतीकडे बघत गप्प बसून राहिला. साहेब खूश झाले.

“आजी, किती छान ठेवलंय तुम्ही याला. घरीच ठेवा. घरासारखी काळजी कुठेच घेत नाहीत.”

उतरताना जिन्यात ती मला म्हणाली, माणूस चांगला आहे हो. तिला वाटलं कौतुक झालं. मला जिन्यातच कळलं होतं, पण तिच्या तोंडावरचं हसू बघून मी बोललो नाही. पुढे निरोप आला: कुटुंब सक्षम आहे, मंजुरीची गरज नाही. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

सोमवारी संध्याकाळी अग्नी मुलानेच दिला, माझ्या मेव्हण्याने त्याचा हात धरून. तो ज्वाळा बघत राहिला. घरी आल्यावर सगळ्या खोल्यांतून फिरला. मोरीत डोकावला, गॅलरीत डोकावला, परत मोरीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला जायचं होतं. मेव्हण्याला म्हटलं, तुम्ही सगळे उरकून घ्या, मला काम आहे.

“दाजी, आज कसलं काम?”

“तुझ्या बहिणीचंच.”

मुलाला होता तसाच घेतला. दाढी नाही, भांग नाही, शर्टाला कालची माती. गोळी दिली नाही. विसरलो नव्हतो. बिबवेवाडीतून रिक्षा केली आणि साहेबांचं कार्यालय उघडताना आम्ही दारात होतो.

साहेबांच्या टेबलावर पितळी गणपती, त्याच्यापुढे ताजं जास्वंद. त्यांनी हात जोडून मिटलेले डोळे उघडले तर समोरच्या खुर्चीत माझा मुलगा. त्यांनी ओळखलं.

“आजी नाही आल्या?”

“काल पोचवून आलो तिला. आम्ही दोघं सुतकात आहोत.”

साहेबांनी खुर्ची मागे ओढली. मी दोन्ही पंजे टेबलावर टेकवले, गणपतीच्या अगदी शेजारी. सुतक मी कायम पाळलंय. नातेवाइकांत कोणी गेलं की शेजाऱ्याच्या उंबऱ्यालाही शिवलो नाही. त्या दिवशी मुद्दाम मोडलं. साहेबांचं तोंड आंबट झालं ते बघून मला बरं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

ते सांगायला लागले, वाईट झालं, पण मंजुरीला असं अचानक येऊन चालत नाही, नव्याने प्रस्ताव करावा लागेल. तेवढ्यात मुलगा “आई?” म्हणाला. आधी हळू. मग मोठ्याने. मग त्याने कपाळ टेबलावर आपटायला सुरुवात केली. शिपाई दारातून आत येता येता थांबला.

“अहो, आवरा त्याला,” साहेब म्हणाले.

“तुम्ही आवरा. हिच्या जिवावर तुम्ही त्याला घरी ठेवला होतात. ती गेली, घर गेलं. आता तुमच्याकडे ठेवा.”

खांद्यावरचा पंचा काढून मी घडी केली आणि मुलाच्या कपाळाखाली सरकवली. मला साहेबांना दाखवायचं होतं, पोराला फोडायचं नव्हतं. मग मी बाहेर पडलो. साहेब मागून आजोबा आजोबा करत होते. जन्मात मला कोणी एवढ्या गोडीने बोलावलं नव्हतं.

खाली फाटकापाशी चहाची टपरी होती. बाकड्यावर बसलो. मुलाजवळ आम्हा दोघांपैकी कोणीच नाही आणि मी बाहेर चहा पितोय, असं कधी झाल्याचं मला आठवत नाही. वरून त्याचा आवाज येत होता. खिडकीत साहेब आले, विस्कटलेले, शर्टाची एक बाही ओढून खाली आलेली. म्हणाले, लवकर वर या, मी आत्ता फोन लावतो वसतिगृहाला.

“लावा की,” मी खालूनच म्हटलं आणि टपरीवाल्याला दुसरा चहा सांगितला.