गुलाबी सालीची निलगिरी

ड्रायव्हरकाका बसच्या नोकरीतून निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांच्या लेकीने कुंडीत निलगिरी पेरली. साधीसुधी नव्हे, पान चुरगळलं की लिंबाचा वास देणारी.

"मोठी झाली ना बाबा, की जुनी साल गळते आणि आतून गुलाबी, गुळगुळीत खोड निघतं. बाळाच्या गालासारखं!"

मग तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. जाताना तिने बजावलं, "मी आले की दोघं मिळून अंगणात लावू. तोवर हात लावायचा नाही."

काकांनी शब्द पाळला. रोप कमरेला लागलं, छातीला लागलं. लेकीची सुट्टी मात्र दर वेळी पुढे जायची. रोपवाटिकेतल्या ताई म्हणाल्या, "काका, हिला इतके दिवस कुंडीत ठेवू नका. मुळं आतल्या आत गोल फिरतात, मग जमीन नीट धरत नाहीत."

"घंटी वाजल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही," काका हसले. "लेक आली की हलवू."

तिसऱ्या वर्षी लेकीऐवजी फोन आला. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेली होती. चार दिवसांत सगळं आटोपलं.

महिन्याभराने काकांनी एकट्यानेच खड्डा खणला.

झाड हावरटासारखं वाढलं. चार वर्षांत छपराच्या वर गेलं. एका उन्हाळ्यात राखाडी साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटली आणि आतून खरंच गुलाबी खोड निघालं. काकांनी त्याला गाल टेकवला. काकूंना हाक मारायला तोंड उघडलं, तर बाहेर आलं लेकीचं नाव.

आठवड्याभरात वादळ झालं. झाड मोडलं नाही, उभ्याचं आडवं झालं. मुळं वर आली होती, थेट कुंडीच्या आकाराची, एकमेकांना करकचून आवळलेली.

लेक गेली तेव्हा काकांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ते मुळांपाशी मटकन बसले आणि हमसून हमसून रडले.

"ताईंनी सांगितलं होतं गं. मी ऐकलं नाही."

"तिची वाट पाहत होतात तुम्ही," काकू म्हणाल्या.

"नुसती वाटच पाहिली. ये म्हणून एकदाही म्हणालो नाही. म्हटलं, कामात असेल पोर."

काकू शेजारी टेकल्या.

दुसऱ्या दिवशी करवतवाला आला, तेव्हा काका खोलीबाहेर पडलेच नाहीत. खोड कुठून कापायचं, ते काकूंनीच दाखवलं.