तेर्यो आबेनोहाच्या जन्माचे दोन साक्षीदार

एलेउतेर्यो आबेनोहा यांनी आमच्या शहरातल्या किमान चारशे बारा माणसांचे जन्म कागदावर आणले; त्यांचा स्वतःचा जन्म मात्र कुठेही नोंदलेला नव्हता. आकडा माझा आहे. जन्मनोंदणी विभागातली जुनी खोकी लावण्याचे काम मी तीन वर्षे करत होते, आणि उशिरा नोंदवलेल्या जन्मांच्या गठ्ठ्यांत त्यांचे कागद ओळखणे सोपे होते. त्यांच्या टंकयंत्राचा एक खिळा वाकलेला असल्यामुळे एक अक्षर नेहमी ओळीच्या वर उडालेले दिसे. खरी संख्या याहून मोठी असावी. दोन खोकी वाळवीने खाल्ली आहेत.

सगळे त्यांना आदराने नोय तेर्यो म्हणत. नगर कार्यालयासमोरच्या मोठ्या वृक्षाखाली, घडीचे टेबल आणि रंग उडालेली छत्री मांडून ते अडतीस वर्षे बसत आले होते. जन्म उशिरा नोंदवायचा तर नात्यागोत्यात नसलेल्या दोघांनी शपथेवर सांगावे लागते की, हा जन्म आम्हाला ठाऊक आहे. डोंगरातून किंवा बेटांवरून आलेल्या माणसाजवळ असे दोघे क्वचितच असत. मग नोय तेर्यो बाजारातून केळीवाला किंवा सायकलरिक्षावाला बोलावून आणत. तो सही करी, पाव आणि थंड पेय घेई आणि आपल्या कामाला लागे. कागद खरा वाटावा म्हणून नोय तेर्यो त्यात एक वाक्य घालत : त्या दिवशी पाऊस पडत होता आणि चर्चची घंटा वाजत होती.

दोनशे शहाण्णव प्रतिज्ञापत्रांत हा पाऊस आहे. त्यांतले एकसष्ट जन्म ऐन एप्रिलमधले आहेत, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले, तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत.

"खोटं बोलणारा पाऊस कशाला आणील, असं साहेबाला वाटतं," ते म्हणाले. "म्हणून आणायचा."

२०१७ साली हा प्रश्न त्यांच्या स्वतःवर आला. बायको नीदा जाऊन चार वर्षे झाली होती. एकुलती मुलगी अनालिझा ऑकलंडमध्ये वृद्धाश्रमात काम करत होती. परक्यांच्या आईबापांना अंघोळ घालता घालता तिला सहा वर्षे घरी येता आले नव्हते. टायरच्या दुकानावरच्या खोलीत बाप एकटा राहतो, हे तिला सोसवेना. तिने त्यांना बोलावले. पासपोर्टसाठी जन्मदाखला हवा होता. १९४६ साली ते समोरच्या बेटावर, आई सोतेराच्या पोटी जन्मले होते, आणि शहरातल्या चर्चमधली त्या वर्षीची बाप्तिस्म्याची वही कधीच नाहीशी झाली होती.

नोंदणीच्या खिडकीवरच्या जोव्हेलिनने सांगितले की, बाजारातून दोघे आणा, दुपारपर्यंत काम होईल. नोय तेर्योंनी नकार दिला. नकाराचे कारण त्यांनी मला सांगितले, तेही यंत्र पुसता पुसता, लेकीला हाक मारावी तसे इंदाय म्हणत.

"बाकीच्यांना कागद हवा होता, इंदाय. मला कागदासोबत माणूस हवंय. मी जन्मलो तेव्हा तिथं असलेलं, एक तरी. दुसरा मग केळीवाला का असेना."

महिनाभर ते विचारपूस करत हिंडले. बहीण, धर्मपिता, शेजारी, सगळे मेलेले. उरली ती एक लोला तिवा, म्हणजे तिवा आजी, वय ब्याण्णव. तिची आई त्या बेटावरची सुईण होती, आणि ही तेव्हा पाणी तापवायला सोबत जाई. मी हे नाव टिपून घेतले, पण त्यापुढे प्रश्नचिन्ह केले. १९७९ ते १९९४ या काळातल्या त्यांच्या तेवीस प्रतिज्ञापत्रांवर याच लोला तिवाचा अंगठा आहे. त्यांना हे आठवत नसेल, असे मानायला आधार नाही. तरी मी त्यांच्याबरोबर बेटावर गेले.

होडीने चाळीस मिनिटे लागली. नोय तेर्योंनी लग्नाकार्यातला पांढरा बारोंग सदरा घातला होता आणि मांडीवर पावांची कागदी पिशवी धरली होती. लोला तिवा घरापुढे बसून सुकवलेली मासळी निवडत होती. नातसुनेने तिच्या कानाशी ओरडून सांगितले की, हे सोतेराच्या मुलाच्या जन्माचे विचारायला आलेत.

"हो, आठवतं की," लोला तिवा लगेच म्हणाली. "पाऊस पडत होता, दोंग, पोरा. आणि चर्चची घंटा वाजत होती."

त्या बेटावर चर्च १९६२ साली झाले. घंटा त्यानंतरची.

नोय तेर्यो बाकावर बसले. त्यांनी वडिलांचे नाव सांगून विचारले, ते घरी होते का. ती हो म्हणाली. समुद्रावर गेले होते का. त्यालाही ती हो म्हणाली. मग त्यांनी शेवटचे विचारले.

"मुलगी झाली होती ना, लोला?"

"मुलगीच. गोरीपान."

नातसून हसू लागली. तेवढ्यात म्हातारीची नजर पिशवीवर गेली. तिने हात पुसले, पुढे वाकून त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिले.

"अरे, तू टायपिंगवाला तेर्यो. मिशी कुठं गेली? आणि ते उडकं अक्षर नीट केलंस की अजून तसंच?"

मग ती बोलतच सुटली. नीदा दुपारी डबा आणायची आणि जेवताना नवऱ्यावर छत्री धरून उभी राहायची. टेबलाखाली दुधाच्या डब्यांचे खोके असायचे, त्यात त्यांची तान्ही पोर झोपायची, आणि यंत्र थांबले की जागी व्हायची. म्हणून कोणी गिऱ्हाईक नसले तरी तेर्यो उगाच अक्षरे बडवत राहायचा. यातले मला कोणत्याही कागदात सापडले नव्हते. नोय तेर्यो मान हलवत होते.

"मला वाटलं मेलास," ती म्हणाली. "किती वर्षांत आला नाहीस. आज कुणाच्या जन्माला अंगठा लावायचाय?"

"कुणाच्याच नाही, लोला. पाव द्यायला आलो."

 दुसऱ्या दिवशी त्यांनी एक प्रतिज्ञापत्र टंकले आणि एकटेच बेटावर जाऊन त्यावर तिचा अंगठा घेऊन आले. त्यात लिहिले होते की, प्रिमितिवा ऊर्फ लोला तिवा, वय ब्याण्णव, एलेउतेर्यो आबेनोहा यांना १९७९ पासून ओळखते. ते येताना पाव आणत. त्यांची बायको छत्री धरून उभी राही. त्यांची मुलगी खोक्यात झोपे. त्यांच्या जन्माविषयी प्रिमितिवाला काहीही आठवत नाही.

जोव्हेलिनने ते दोनदा वाचले.

"नोय, ह्यात जन्म कुठाय?" तिने विचारले. "आणि ह्या वेळी पाऊस नाही पडला?"

रांगेतली माणसे हसली, तेही हसले. तिने कागद अलगद परत सरकवला आणि हळू आवाजात म्हणाली की, अजून तीन वाजायचे आहेत, बाजार उघडाच आहे.

त्यांनी केळीवाला बेर्तो आणि एक सायकलरिक्षावाला आणला. दोघेही त्यांच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान होते. नोय तेर्योंनी उभ्याउभ्याच टंकले. पाऊस पडत होता, घंटा वाजत होती. चार वाजता शिक्का बसला. हे चारशे तेरावे.

लोला तिवाच्या अंगठ्याचा कागद त्यांनी मला खोक्यात ठेवायला दिला. तो कोणत्या शीर्षकाखाली जाईल, हे मला सांगता आले नाही. मग तुझ्याजवळच ठेव, असे ते म्हणाले. मी विचारले की, ऑकलंडला नेण्यासाठी एक प्रत हवी का.  खोक्यात झोपायची, हे अनालिझाला कुठून ठाऊक असणार, असे काहीसे पुटपुटले, खुर्ची पुढे ओढली आणि ते सगळे पहिल्यापासून पुन्हा टंकू लागले. उडके अक्षर आपल्या जागी उडत राहिले.

टंकून झाल्यावर त्यांनी कागद उजेडात धरला. खाली अंगठ्याची जागा रिकामी होती.

"उद्या पुन्हा जावं लागणार," ते म्हणाले, आणि बेकरी किती वाजता उघडते ते मला विचारले.