मेणाची वडी

देहापासून सुटलेलं काही उघड्यावर पडू द्यायचं नाही, हे छबुबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. लेकीची, करिष्माची नाळ तिने पाटोद्याजवळच्या आपल्या अंगणात शेवग्याखाली पुरली होती. म्हणून नवऱ्याच्या, त्रिंबकच्या मानेतली गाठ काढली आणि लॅबवाल्याने तिचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून डबीत परत दिला, तेव्हा बाईने फार डोकं चालवलं नाही. नाळेशेजारी खड्डा करून डबी पुरून टाकली. माणूस ओसरीवर बसलेला आणि त्याचाच तुकडा फळीवर, हे तिला बघवेना.

रिपोर्टात लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, आला होता. औषधं सुरू झाली. त्रिंबकचे केस गेले, उसाच्या मोळ्या वाहणारे खांदे उतरले, गाठी मात्र हटायचं नाव घेईनात. शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंना शंका आली.

"काही दुर्मीळ गाठी हुबेहूब लिम्फोमासारख्या दिसतात," त्या म्हणाल्या. "पण पेशी वेगळ्या, औषधही वेगळं. मेणातल्या तुकड्याचे पातळ काप काढून पुन्हा तपासावं लागेल. यांना आता दुसरं ऑपरेशन सोसणार नाही. ती वडी कुठंय?"

वडी अंगणात पुरल्याचं छबुबाईने सांगितलं.

"आये, कावून पुरलीस?" घरी येताना एसटीत करिष्मा रडकुंडीला आली.

"तुझ्या नाळंजवळच हाय की. मी काय टाकून दिली न्हाई."

लेकीने खुरपं आणलं, ते बाईने बाजूला सारलं. त्यांना लागंल, म्हणाली, आणि हातांनीच माती उकरली. नखं फुटली, पण डबी सापडली. आतली वडी जशीच्या तशी होती. करिष्मा तशीच पहिल्या गाडीने ती घेऊन गेली.

तपासणीला वेळ लागायचा तो लागलाच. लिम्फोमा नव्हताच, निराळ्याच पांढऱ्या पेशींची गाठ होती, हे कळलं तेव्हा त्रिंबकची राख सावडून झाली होती.

"माझ्यामुळंच गेले," छबुबाई फोनवर हुंदके देत म्हणाली.

"नाही हो मावशी. वडी शाबूत होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्यांदाच ओळखायला हवं होतं, ते आम्हा लोकांना जमलं नाही." मग त्यांनी विचारलं, "ती वडी इथं ठेवू का? शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवता येईल. पुढच्या माणसाला लवकर ओळखता येईल. नाहीतर परत पाठवते."

शेवग्याखालचा खड्डा छबुबाईने अजून बुजवला नव्हता. डबी परत येईल म्हणून वाट बघत होती. त्रिंबकचं बाकी सगळं जळून गेलं होतं, एवढंच उरलं होतं. ती पुष्कळ वेळ रडली. करिष्माने फोन तसाच धरून ठेवला.

"राहू द्या तितंच, म्याडम," शेवटी ती म्हणाली. "पर उन्हात ठिवू नका. त्यांनी ऊन लई सोसलंय."