आंब्यातला भिरूड कोणी काढला

मयत : धोंडू राघू ऊर्फ धोंडबा, शेतकरी, राहणार आंबेनळी घाटाखालची वाडी, तालुका पोलादपूर. मृत्यू : गेल्या मार्गशीर्षात, सोमवारी सकाळी, तापाने. साक्षीदार : पत्नी सोनाबाई. खबर आणणारा : पोलादपूरच्या एसटीचा कंडक्टर. लिहिणार : मी, महाडास तहसील कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस. आजवर इतरांच्या तक्रारी लिहिल्या. ही माझ्याविरुद्धची आहे.

माझी पत्नी वारल्यापासून कामावाचून घरी येणारा माणूस धोंडबा एकटाच. बाजार उरकला की तो परसातल्या आंब्याखाली पाय पसरून बसे. ऐन श्रावणात त्या आंब्याची एक फांदी वाळली आणि बुंध्याशी भुसा पडू लागला. मी वाळवी ठरवून शेतकी कचेरीस तीन पानी अर्ज केला, त्याची नक्कल चार लोकांस वाचून दाखवली. पावडर आली, ती मुळाशी घातली. धोंडबाने मात्र भुसा चिमटीत घेऊन चोळला.

“भाऊ, ही वाळवी नाय. वाळवी मातीचं घर बांधते, हितं माती कुठं हाय? ह्यो भिरूड. खोडात बसून खातोय.”

“कचेरीस कळत नाही आणि तुम्हांस कळते?”

“कचेरीनं झाड कुठं बघितलंय? तुमचा कागद बघितला.”

मग माझ्या मोडक्या सायकलच्या चाकाचा आरा वाकवून त्याने खोडातल्या भोकातून बोटाएवढी पांढरी अळी ओढून काढली, रॉकेलचा बोळा आत सारला, वर चिखल लिंपला. पुढे दर बाजारी येऊन आधी बुंधा पाही, मग बसे. आंब्याला पालवी आली. त्यावर मी कचेरीस आभाराचे पत्र धाडले, की झाड पावडरीने वाचले. माझा अर्ज चुकीचा होता असे मला म्हणवेना...

शेवटची भेट तहसील कचेरीसमोरच. माझ्याभोवती पक्षकार होते.

“झाडाला बरं हाय ना, भाऊ?”

“सरकारी पावडरीने उत्तम आहे.”

“बरं हाय ना, मग झालं,” तो म्हणाला आणि गेला. पुढचे दोन बाजार तो आला नाही. तो रुसला असे मी धरून चाललो. तो तापाने पडला होता.

वाडीवर भेटीस गेलो तेव्हा सोनाबाई म्हणाल्या, “तापात बी इचारीत व्हते, भाऊंच्या आंब्याचा भुसा थांबला काय.” ओटीवर माणसे बसली होती. ‘थांबला’ एवढेच म्हणून मी परतलो; कोणी थांबवला ते त्यांच्यादेखत सांगवले नाही. आता बाजाराच्या दिवशी घर फार मोठे वाटते.

सबब विनंती, की त्या वाडीच्या ज्या कोणाच्या हाती हे पडेल त्याने ते सोनाबाईंस ओटीवरच्या माणसांदेखत मोठ्याने वाचून दाखवावे. आंबा धोंडबाने वाचवला. ऐकून त्या जे बोलतील ते मला लेखी कळवावे. शब्द त्यांचेच ठेवावेत. कृपया सुधारून लिहू नयेत.