पेटीने वाचलेलं पत्र

मुलांनो, नेटवर्कमधून जाणारा मजकूर तपासणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत थोरला लागला, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. तसलं एक यंत्र मी पाहिलं आहे.

तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. मुली कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून मुलांना पत्रं लिहितात, असं संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर आलं आणि त्यांनी पुण्याहून एक पेटी मागवली. काळी, बसकी, पुढे हिरवे दिवे. लॅबमधून बाहेर जाणारा मजकूर ती वाटेत थांबवून वाचायची. नेमून दिलेला एखादा शब्द सापडला, की तो मजकूर, वेळ आणि मुलीचं लॉगिन ऑफिसात छापून यायचं. शब्द दोघा कारकुनांनी ठरवले. मुली इंग्रजी अक्षरांत मराठी कसं लिहितात, ते आठवून आठवून घातलं आणि पुष्कळ हसले.

लॅबची रीत मात्र पेटीला कुणी सांगितली नाही. पन्हाळ्याकडच्या एका गावातून पहिल्या एस.टी.ने येणारी मुलगी सर्वांच्या आधी पोहोचायची. ती आपल्या नावाने मशीन उघडायची आणि मग दिवसभर जी येईल ती त्यावरच बसायची. बंद करून पुन्हा उघडायला फार वेळ लागे. शिवाय 'माझं बंद करते' म्हणणं म्हणजे भाव खाणं. पाण्याचा तांब्या पंगतीत फिरावा, तसं तिचं नाव फिरायचं.

एका दुपारी कुणीतरी एका मुलाला लिहिलं, की घर सोडून लग्न करू. कागदावर नाव आलं ते हिचं. मला कळेपर्यंत अध्यक्षांनी तिच्या वडिलांना बोलावून तो कागद वाचून दाखवला होता. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. वडील तिला तशीच घेऊन गेले.

मी अध्यक्षांना सांगितलं, "त्या वेळी ती माझ्या तासाला समोर बसली होती."

"म्हंजे मशीन खोटं बोलतंय व्हय, मॅडम? माणूस बोलंल. मशीनला काय पडलंय?"

"मशीनने पत्र वाचलं. लिहिणारीचं तोंड पाहिलं नाही."

"बरं, मग कोण ती? आणा समोर. आत्ता तिच्या बापाला निरोप धाडतो."

मी वर्गात विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. लिहिणारी त्यांच्यातच असावी. त्यांना मी दोष देत नाही. कुणी तोंड उघडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आणखी एक बाप ऑफिसच्या दारात उभा राहिला असता.

रविवारी मी तिच्या गावी गेले. वडील गोठ्यापुढे वैरण तोडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही म्हणतासा ते खरं आसंल. माझी पोर तसली न्हाय, मला ठावं हाय की."

"मग तिला परीक्षेला पाठवा."

"कागद वाचला तवा हाफिसात आमच्या गावचा माणूस बसल्याला. सांजच्याला गावभर झालं. आता कुणाकुणाला तुमची पेटी समजावून सांगू? परवा पावणं बघून गेलं. होकार आलाय."

"तिला विचारलंत?"

"विचारून काय करू? ती न्हाय म्हणंल. मग मी काय करायचं, ते सांगा."

ते म्हशीला पाणी पाजायला गेले, तेव्हा ती चहा घेऊन बाहेर आली.

"मॅडम, ते कुणी लिहिलं मला माहीत आहे. पण विचारू नका."

"सांगितलंस तर कदाचित सुटशील."

"सुटत नाही, मॅडम. होकार गेलाय. सांगितलं तर दोघींची परीक्षा बुडेल, एवढंच."

परीक्षेच्या आधीच तिचं लग्न झालं. दुसरी कोण, ते मला आजही माहीत नाही. ती परीक्षेला बसली असेल, पासही झाली असेल.