दाजींचं जादा बटण

आमच्या साडूंच्या हाती दिलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त झाला नाही असं कधी होत नाही. पण तो होता तसाच परत आला, असं सांगणारा माणूसही अख्ख्या नाशकात सापडायचा नाही. आमच्या घरात, आईसकट, सगळे त्यांना दाजी म्हणतात. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, दाजी भंगारबाजार करतात. निफाडला मिळालेला एक अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी द्राक्षांच्या पेटीत कागदाच्या कातरणावर निजवला आणि एसटीत मांडीवर घेऊन आणला. लासलगावच्या कांदाचाळीतला एक उघडला, तर आतून ओंजळभर कांद्याची सालं निघाली. दाजींनी ती झटकली, सुटलेल्या तारांना डाख दिला आणि मूळच्या तीन बटणांच्या शेजारी दोन जादा बसवली. ही कशाची, असं विचारलं तर म्हणाले, असावीत, पाहुण्यारावळ्यांसारखी कधीतरी उपयोगी पडतात.

त्यांचं जगात एकाशीच वैर, ते म्हणजे घूं. गाणं लागायच्या आधी जुन्या यंत्रातून बारीक घूं येतो ना, तो. तो पकडायला ते आधी पंखा बंद करतात, मग फ्रिज. मेहुणीने बांगड्या काढून बसायचं. चहा तर मागायचाच नाही, कारण माणूस भुरका मारतो. एकदा मला ठसका लागला, तर त्यांनी मला बाल्कनीत उभं करून दार लावून घेतलं होतं.

बाबा गेल्यावर त्यांचा अ‍ॅम्प्लिफायरही मुका झाला. कधी कुणाकडे काही न मागणारी आई दाजींना म्हणाली, तेवढा सुरू करून द्या. दाजींनी जीव ओतला. घरी आणून तबकडी लावली, तर गाण्याआधी टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आईने पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाली, "छान झालाय. पण हा ह्यांचा नाही वाटत."

दाजींचा चेहरा पार उतरला.

"ह्यांनी बटण दाबलं की आधी घूं व्हायचं," आई म्हणाली. "ते ऐकून मी चहा ठेवायची."

दाजी अ‍ॅम्प्लिफायर उचलून घेऊन गेले. जन्मभर घूं हाकलणाऱ्या माणसाला तो बोलवायचा कसा, हे कुठे माहीत असणार? मेहुणी सांगत होती की काढून फेकलेले जुने भाग ते कचऱ्यातून शोधत होते. आधी घर्र आला, मग खर्र आला, हवा तो येईना. शेवटी त्यांनी मला ऑफिसात फोन केला, तोंडाने घूं करून दाखवला आणि विचारलं, असा, की जरा जाड? मीही घूं करून दाखवला. साहेबांसकट सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं.

परवाच्या रविवारी दाजी आले. अ‍ॅम्प्लिफायरच्या कडेला एक जादा बटण होतं. त्यांनी ते दाबलं आणि घूं आला, अगदी बाबांच्या वेळचा, जरा जाड. आई मेथी निवडत होती. तिने जुडी बाजूला ठेवली, उठली आणि चहा ठेवला.

चहा आला तरी दाजींच्या हातातली तबकडी हातातच होती. "लावू का गाणं?" त्यांनी हळूच विचारलं.

"थांबा जरा, दाजी," आई म्हणाली. "आत्ता कुठे आलेत."

मला बाबांची फार आठवण आली. तेवढ्यात दाजींनी बशीत चहा ओतला आणि चांगला मोठा भुरका मारला.